लुई ब्रेल व त्यांचे मातापितर

थोर पुरुषांची चरित्रे वाचताना आपले लक्ष बहुधा त्यांच्या कर्तृत्वाकडे लागलेले असते. ज्या घरात ते लहानाचे मोठे झाले त्या घराकडे आपण ओझरते पाहून पुढे जातो. प्रस्तुत लेखात आम्ही ज्या पुरुषाचे चरित्र सांगणार आहोत, त्याच्या नावाची लिपी आज जगातील बहुतेक सर्व देशांत चालते. परंतु ते नाव जगापुढे येण्याच्या कितीतरी वर्षे आधी एका लहानशा खेड्यातील कारागीर दांपत्याने मोठ्या दुःखाच्या दिवसांत जी श्रद्धा व जो धीर दाखविला, त्याची हकीकत आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. म्हणून हे चरित्र आम्ही विद्यार्थ्यांकरिता जितके लिहीत आहो, तितकेच त्यांच्या आईबापांकरिताही लिहीत आहो.

आपल्या कुणकेश्वराच्या किनाऱ्यावर धारदार अथवा टोकदार हत्यार नाही असे घर क्वचितच सापडेल. स्वयंपाकघरात विळी, म्हणजे आपल्या बोलीतला आडाळो, असते. माडाखाली कोयता असतो. सुताराच्या पडवीत पटाशी व सामता पडलेला असतो. वडील माणसे काम करू लागली म्हणजे मूल शेजारी येऊन बसते आणि त्यांचे पाहून तसेच करू लागते. मुलाचा तो स्वभावच आहे. त्यात अपराध कोणाचाच नाही. असेच एक मूल आजपासून दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी फ्रान्स देशात आपल्या बापाच्या कामाच्या जागी बसले होते.

पॅरिस शहराच्या पूर्वेस सुमारे ४० किलोमीटरांवर कूव्रे नावाचे खेडे आहे. तेथे सिमॉन रेने ब्रेल नावाचा जिनगर राहत असे. घोड्यांची खोगिरे, लगाम व गाडीचे सामान चामड्यापासून तयार करावे, हा त्याचा धंदा. त्याच्या पत्नीचे नाव मोनिक. घरची थोडी जमीन होती व धंदाही बरा चालत असे. दोघेही रोमन कॅथलिक पंथाची, देवभीरू व कष्टाळू होती. त्यांना चार अपत्ये झाली. त्यांतील सर्वांत धाकटा मुलगा ता. ४ जानेवारी १८०९ रोजी जन्मला. त्याचे नाव लुई ठेविले. वडील भावंडांच्या मानाने तो पुष्कळच लहान असल्यामुळे तो उतारवयातल्या आईबापांच्या गळ्यातला ताईतच होऊन बसला.

१८१२ साली लुई तीन वर्षांचा असताना तो अनर्थ घडला. बापाचे पाहून त्याने चामड्याचा एक तुकडा घेतला आणि एक टोकदार हत्यार उचलून त्यास भोक पाडू लागला. ती आरी होती, असे बहुतेक चरित्रकार सांगतात. इवल्याशा हाताचा जोर तो किती! हत्यार निसटले व त्याचे टोक त्याच्या डोळ्यात घुसले. आईबापांनी त्या काळी उपलब्ध असलेले उपाय करून पाहिले. परंतु जखम चिघळत गेली. रोगजंतूंचे ज्ञान तेव्हा कोणासही नव्हते. ज्या पाश्चर ह्यांनी ते जगास करून दिले त्यांचा जन्मसुद्धा १८२२ साली व्हावयाचा होता. एका डोळ्याचा विकार दुसऱ्या, धडधाकट डोळ्यातही पसरला आणि पाच वर्षांचा होईतो लुई दोन्ही डोळ्यांनी पूर्ण आंधळा झाला.

वाचकहो, त्या घराची स्थिती क्षणभर मनात आणा. ज्या हत्याराने कुटुंबाला भाकरी मिळत होती त्याच हत्याराने पोराची दृष्टी नेली होती. आणि बापाला दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जागी बसून तेच काम करणे प्राप्त होते. त्यातच देशावर संकट आले. १८१४ साली नेपोलियनचा पाडाव होऊन शत्रूंची सैन्ये फ्रान्समध्ये शिरली आणि त्यांतील तुकड्यांचा मुक्काम कूव्रे गावात पडला. गावकऱ्यांना आपल्या घरात परके शिपाई ठेवून घ्यावे लागले व त्यांना अन्नधान्य पुरवावे लागले. अशा दिवसांत एका आंधळ्या मुलाकडे लक्ष देण्यास गावात कोणास सवड असणार?

अशा प्रसंगी मनुष्याच्या श्रद्धेची खरी कसोटी लागते. दुःख आले की हे कोणाच्या पापाचे फळ, असा प्रश्न लोक विचारू लागतात. योहानाच्या शुभवर्तमानातील जन्मांध मनुष्याविषयी शिष्यांनीही हाच प्रश्न प्रभूला केला होता. प्रभूने पाप मुलाच्याही माथी मारिले नाही व आईबापांच्याही माथी मारिले नाही. ह्या मनुष्याच्या ठायी देवाचे कार्य प्रगट व्हावयाचे आहे, अशा अर्थाचे उत्तर देऊन त्याने त्यांची दृष्टी मागच्या गोष्टींकडून पुढच्या गोष्टींकडे वळविली. ब्रेल दांपत्याने ह्या उत्तराचा अर्थ आपल्या आचरणात उतरविला, असे त्यांच्या पुढील वागणुकीवरून आम्हांस वाटते. डोळे परत येत नाहीत हे दिसून आल्यावर त्यांनी मुलाचे जीवित संपले असे मानिले नाही. जे गेले त्याविषयी शोक करीत बसण्याऐवजी जे उरले होते ते वाढविण्याच्या उद्योगास ती लागली.

त्या काळी फ्रान्समध्ये गरिबांच्या अंध मुलांच्या नशिबी बहुधा भिक्षाच असे. सिमॉनने आपल्या मुलाला कोपऱ्यात बसविले नाही. त्याने त्यास काठी करून दिली, आणि ती टेकीत टेकीत लुई गावच्या वाटा ओळखू लागला. भावंडांप्रमाणे त्यालाही घरातील लहानसहान कामे दिली जात. बापाने फळीवर खिळे ठोकून अक्षरांचे आकार केले व त्यावरून मुलाची बोटे फिरवून त्यास अक्षरे शिकविली, अशीही एक गोष्ट सांगतात. दयेच्या पोटी मुलाला आयते खाऊ घालणे सोपे असते. त्याच्या हाती काम देऊन तो चुकतमाकत ते करीत असता धीराने पाहत उभे राहणे फार कठीण. आंधळ्या लेकराला काठी देऊन रस्त्यावर सोडताना त्या आईच्या पोटात किती कालवले असेल, हे कोणत्याही आईला निराळे सांगणे नको.

१८१५ साली जाक पाल्युई नावाचे नवे धर्मगुरू कूव्रे येथे आले. मुलाची तल्लख बुद्धी पाहून त्यांनी त्याला स्वतः शिकविण्यास आरंभ केला. पवित्र शास्त्रातील कथा सांगितल्या, फुले वासावरून व पक्षी आवाजावरून ओळखावयास लाविले. पुढे त्यांनी गावच्या पंतोजींना, बेशरे ह्यांना, गळ घालून लुईला शाळेत घेववले. आंधळे मूल डोळसांच्या शाळेत बसविणे ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. शेजारचा एक मुलगा हात धरून त्याला शाळेत नेई. लिहिता वाचता येत नसतानाही केवळ ऐकून ध्यानात ठेवण्याच्या बळावर तो वर्गात चमकू लागला.

परंतु ऐकण्याने मनुष्य किती शिकणार? पॅरिस येथे अंधांकरिता एक शाळा होती. तिचा इतिहासही बोधप्रद आहे. १७७१ साली व्हॅलेंटिन आउई नावाच्या एका गृहस्थांनी पॅरिसच्या जत्रेत असे दृश्य पाहिले, की काही अंध माणसांना विदूषकाचे टोप व मोठाले चष्मे घालून वाद्ये वाजविण्यास बसविले आहे आणि लोक त्यांस हसत आहेत. त्यांचे मन कळवळले. १७८४ साली त्यांनी एका तरुण अंध भिकाऱ्याला आपला पहिला शिष्य केले, आणि त्यातून जगातील अंधांची पहिली शाळा उदयास आली. महाशिवरात्रीला कुणकेश्वराच्या यात्रेच्या गर्दीत काठी टेकीत चाललेला एखादा अंध मनुष्य आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याच्या हातावर नाणे ठेवून आपण पुढे जातो. ह्याला कोणी शिकविले असते तर हा काय झाला असता, हा विचार आउईंच्या मनात आला. तो आपल्याही मनात यावयास हवा.

पाल्युई ह्यांच्या खटपटीने व गावच्या एका सरदाराच्या शिफारशीने लुईला ह्या शाळेत जागा मिळाली. आता आईबापांपुढे दुसरी कसोटी उभी राहिली. दहा वर्षांचे आंधळे लेकरू, घरापासून दूर, इतक्या मोठ्या शहरात परक्यांच्या हाती कसे सोपवावे? घरी त्याला अन्नवस्त्राची ददात नव्हती. मुलाला दृष्टीआड करू नये, असे वात्सल्य सांगत होते. तरी त्यांनी मन घट्ट केले. ता. १५ फेब्रुवारी १८१९ रोजी बाप त्याला घेऊन पॅरिसला गेला व शाळेत ठेवून एकटाच परतला. मुलाला उराशी धरून ठेवणाऱ्या प्रेमापेक्षा त्याला देवाच्या भरवशावर पुढे पाठविणारे हे प्रेम आम्हांस अधिक थोर वाटते.

शाळेची इमारत जुनी, कोंदट व ओलसर होती. शिस्त कडक होती. आउईंनी जाड कागदावर नेहमीचीच अक्षरे मोठ्या आकारात उठावाने छापून पुस्तके तयार केली होती. परंतु ती अवजड व महाग असून प्रत्येक अक्षराचा आकार बोटाने चाचपून वाचावयास फार वेळ लागे. ह्या रीतीने मुलांना थोडेबहुत वाचता येई. मनातले सहज लिहून काढण्याचा उपाय मात्र नव्हता.

१८२१ साली शार्ल बार्बिए नावाच्या एका माजी लष्करी अंमलदाराने उठावदार ठिपक्यांनी लिहिण्याची आपली युक्ती शाळेस दाखविली. तीत एका चिन्हाला बारापर्यंत ठिपके लागत. त्यामुळे एक चिन्ह एका बोटाखाली मावत नसे. शिवाय ती केवळ उच्चारांवर आधारलेली असल्यामुळे तीत शुद्धलेखन साधत नसे. तथापि बोटाला रेषेपेक्षा ठिपका लवकर समजतो, ही गोष्ट लुईच्या ध्यानात आली. दिवसाचा अभ्यास आटोपल्यावर रात्री, आणि सुट्टीत कूव्रे येथे घरी आल्यावर, तो कागद व टोचणी घेऊन बसे. तीन वर्षांच्या परिश्रमांनंतर १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने आपल्या लिपीची मांडणी सिद्ध केली.

ही लिपी कशी आहे ते विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. दोन उभ्या ओळी, प्रत्येक ओळीत तीन, असे सहा ठिपके. डावीकडील ठिपक्यांना वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडील ठिपक्यांना ४, ५, ६ म्हणतात. ह्यांपैकी काही उठवावयाचे व काही सोडावयाचे; अशा रीतीने ६३ निरनिराळी चिन्हे होतात, आणि प्रत्येक चिन्ह बोटाच्या एका पेराखाली मावते. अक्षरे, विरामचिन्हे, अंक, इतकेच नव्हे तर संगीताचे सूरही ह्या सहा ठिपक्यांत लिहिता येतात. लिहिताना धातूच्या पट्टीत कागद धरून अणकुचीदार टोचणीने मागील बाजूने उजवीकडून डावीकडे टोचीत जावयाचे. कागद उलटला म्हणजे ठिपके वर येतात व डावीकडून उजवीकडे वाचता येतात. जिनगराच्या आरीची व ह्या टोचणीची घडण जवळजवळ सारखीच असते. ज्या जातीच्या हत्याराने त्या मुलाचे डोळे गेले, त्याच जातीच्या हत्याराने त्याने आपल्या अंध बांधवांना अक्षरे दिली. ह्यात आम्हांस परमेश्वराचा हात दिसतो.

१८२९ साली त्यांनी ही पद्धती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली व १८३३ साली ते त्याच शाळेत पूर्ण दर्जाचे शिक्षक झाले. ते उत्तम ऑर्गनवादक असून पॅरिसच्या देवळांत उपासनेच्या वेळी वाजवीत असत. मध्यंतरी, १८३१ साली, त्यांचे वडील वारले. मरणशय्येवर असताना सिमॉन ब्रेलने शाळेचे मुख्याधिकारी पिन्ये ह्यांना पत्र लिहवून, माझ्या मुलाला कधी अंतर देऊ नका, अशा आशयाची विनंती केली. तोवर लुई बावीस वर्षांचे, मिळवते गृहस्थ झाले होते; तरी अखेरच्या घटकेपर्यंत त्या बापाने आपल्या मुलाची चिंता वाहिली. पिन्ये ह्यांनीही त्या विनंतीचा मान राखिला.

एवढे होऊनही ह्या लिपीला मान्यता सुखासुखी मिळाली नाही. अंधांची अक्षरे डोळसांच्या अक्षरांहून वेगळी झाली तर अंध लोक समाजापासून तुटतील, असे अनेक डोळस शिक्षकांना वाटे. १८४० साली पिन्ये ह्यांना काढून त्यांच्या जागी द्यूफो आले व त्यांनी ठिपक्यांची लिपी बाजूस सारिली. परंतु मुले चोरून तीच लिहीत व तीच वाचीत, कारण ती त्यांना उपयोगी पडत होती. अखेर द्यूफो ह्यांचे सहायक ग्वादे ह्यांचे मन वळले, आणि १८४४ च्या फेब्रुवारीत शाळेच्या नव्या इमारतीच्या समारंभात ह्या लिपीचे लेखन वाचन लोकांसमोर करून दाखविण्यात आले. ह्या सर्व काळात ब्रेल ह्यांनी आपली सौम्य वृत्ती सोडिली नाही.

त्यांचा स्वभाव आईबापांवर गेला होता. पगार बेताचा असूनही अडलेल्या विद्यार्थ्यांना ते पैसे देत. वादनाची मिळालेली एक जागा त्यांनी अधिक गरजू अशा दुसऱ्या अंध वादकाला सोडून दिली. १८३५ च्या सुमारास त्यांना क्षयाचा विकार जडला. सतरा वर्षे तो आजार सोशीत, जमेल तितके शिकवीत, ते दिवस काढीत राहिले. शेवटी प्रभुभोजन घेऊन, मित्रांचा व आप्तांचा निरोप घेऊन, ता. ६ जानेवारी १८५२ रोजी वयाच्या त्रेचाळीसाव्या वर्षी ते प्रभूकडे गेले. तो दिवस प्रकटीकरणाच्या सणाचा, म्हणजे ताऱ्याच्या प्रकाशात मागी लोक बाळ येशूकडे आले त्या स्मरणाचा होता. त्यांच्यामागे एक लहान पेटी राहिली. ती न उघडता जाळून टाकावी, असे त्यांनी सांगून ठेविले होते. ती उघडली तेव्हा तीत विद्यार्थ्यांना दिलेल्या कर्जाच्या चिठ्ठ्या निघाल्या. कोणीही आपला ऋणी राहू नये, हा त्यांचा हेतू होता. त्यांचे शव कूव्रे येथे आईबापांच्या गावी पुरण्यात आले.

त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १८५४ साली, फ्रान्समध्ये ह्या लिपीला अधिकृत मान्यता मिळाली. हिंदुस्थानात अंधांची पहिली शाळा १८८७ साली अमृतसर येथे मिस शार्प ह्यांनी काढिली. मुंबईत अमेरिकन मिशनच्या मिस मिलार्ड ह्यांनी १९०० साली अंधांसाठी शाळा सुरू केली. त्याच सुमारास केडगाव येथील मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई ह्यांनी दुष्काळातून आलेल्या अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविली. त्या मुलींच्या घराला, यरीहोच्या वाटेवरील आंधळ्या भिकाऱ्याच्या नावावरून, बार्तिमी सदन असे नाव दिले होते. १९५१ साली भारतातील सर्व भाषांसाठी भारती ब्रेल ही एकच पद्धती ठरविण्यात आली. तीत ‘अ’ साठी केवळ पहिला ठिपका, ‘क’ साठी १ व ३, ‘ल’ साठी १, २ व ३ हे ठिपके आहेत. कूव्रे येथे सुट्टीत बसून एका मुलाने जुळविलेल्या ठिपक्यांनी आज मराठी मूल आपली मायबोली वाचते. १९५२ साली फ्रान्सने ब्रेल ह्यांच्या अस्थी राष्ट्रपुरुषांसाठी राखलेल्या पाँतेआँ ह्या पॅरिसमधील वास्तूत समारंभाने नेल्या; मात्र त्यांच्या हातांच्या अस्थी कूव्रे येथेच ठेविल्या.

आता पालकांस दोन शब्द. मुलाच्या डोळ्यास इजा झाली असता घरगुती औषध, रस अथवा मध डोळ्यात घालू नये. डोळा चोळू नये. रुतलेली वस्तू आपल्या हाताने काढू नये. तत्काळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे. १८१२ साली जे ज्ञान नव्हते ते आज आहे, आणि त्याचा उपयोग करणे हाही श्रद्धेचाच भाग आहे. आणि प्रभूच्या इच्छेने मुलाचा एखादा अवयव गेलाच, तर त्यास लोकांच्या नजरेआड ठेवू नये. २०१६ च्या कायद्याने अशा अपंग बालकास सहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत जवळच्या अथवा विशेष शाळेत विनामूल्य शिकण्याचा हक्क दिला आहे. शाळेचे दार उघडे आहे. मुलाचा हात धरून त्या दारापर्यंत नेणारे मनुष्य मात्र घरातूनच निघाले पाहिजे.

विद्यार्थ्यांनो, लुईचा हात धरून त्याला रोज शाळेत पोचविणारा शेजारचा मुलगा ह्या कथेत आहे, त्याचा विसर पडू देऊ नका. लिपी शोधून काढण्याचे सामर्थ्य देव लाखांत एकाला देतो. परंतु शेजाऱ्याचा हात धरून चालण्याचे सामर्थ्य त्याने तुम्हां प्रत्येकाला दिले आहे. तुमच्या वर्गात, तुमच्या वाडीत कोणी अंध, पांगळा अथवा बहिरा सोबती असेल, तर उद्या सकाळी शाळेस निघताना त्याच्या दारावरून जा.